बोअरवाला खाडीच्या बांधावर

कोकणातून परत आलेला माणूस सोलं, सुकी मासळी आणि समुद्राचे फोटो घेऊन येतो. मी गेलो होतो पोरीला परत आणायला, त्यामुळे माझ्याकडे फोटो नाहीत. आमच्या माण तालुक्यातल्या ज्या मंडळींनी अजून घाट उतरलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उतरल्यावर माणसाचं काय होऊ शकतं याची कल्पना असलेली बरी.

माझा धंदा बोअरवेलचा. दुसऱ्याच्या गाडीवर हेल्पर होतो, आज स्वतःच्या गाड्या आहेत. बापाने काही ठेवलं नव्हतं, बँकेने दारात उभं केलं नव्हतं. आमच्या भागात निम्म्या वस्त्यांवर जे पाणी येतं ते मी काढलेलं आहे. अश्विनी माझी एकुलती एक. गाड्या सांभाळेल म्हणून तिला कृषी अभियांत्रिकीला घातली. तिने मृद आणि जलसंधारण हा विषय घेतला तेव्हा मला वाटलं, जल आहे म्हणजे आपल्याच कामाचं असणार. शिकून आली, माझ्याच बोअरमध्ये दोरी सोडून पाणी मोजलं आणि ऑफिसात गिऱ्हाईक बसलेलं असताना म्हणाली, "आण्णा, खाली आता काही उरलेलं नाही. काढायचं थांबवून भरायचं बघायला पाहिजे." गिऱ्हाईक अर्धा चहा ठेवून उठलं. थोड्याच दिवसांत ती पेणला नोकरीला निघून गेली. हुद्दा, पाणलोट समन्वयक. मी जन्मभर जमिनीतून पाणी वर काढलं आणि माझी पोरगी ते परत खाली घालायचा पगार घेते. हे दुःख मी कुणाला सांगू शकत नव्हतो. ऐकणारा आधी हसायचा.

अशात तिचा फोन आला. गडबच्या बाजूच्या दोन गावांचं एकमेकांशी जुळत नव्हतं. येत्या पुनवेपर्यंत दोघांचा एकत्र ठराव झाला नाही तर बंधाऱ्यांची योजना दुसऱ्या तालुक्यात जाणार आणि तिची जागाही रद्द होणार. ती रडवेली झाली होती. मी तिची समजूत घातली, फोन ठेवला आणि पिकअप धुवायला सांगितली. तिचं कपाट, गादी आणि सायकल एका खेपेत मावली असती.

पेण

पेणमध्ये बारा महिने गणपती चालू असतात. आमच्याकडे गणपती भाद्रपदात येतो आणि जातो. इथे माघात गल्लीगल्लीत ओळीने पांढरे गणपती वाळत बसलेले असतात, कुणाला सोंड आहे, कुणाला हात नाहीत. एका कारखान्यात मी एका मूर्तीवर बोट ठेवलं. रंग नव्हता, डोळे उघडलेले नव्हते. मी म्हटलं, निम्मं काम बाकी आहे, भाव त्या हिशोबाने लावा. कारागीर मातीत हात घालून बसला होता. त्याने मान वर केली नाही. "असाच घेऊन जावा," म्हणाला, "डोळे नाय म्हणजे तुमी काय करता ते त्याला दिसायचं नाय." माझ्या धंद्याबद्दल त्याला कुणी सांगितलं होतं की हा त्याचा नेहमीचा जबाब होता, मला अजून कळलेलं नाही. मी मूर्ती घेतली नाही. पोह्याचे पापड घेतले, तेही घासाघीस केल्याशिवाय, आणि त्याचा राग मला संध्याकाळपर्यंत पुरला.

अश्विनीची खोली एका पापडवाल्या बाईंच्या माडीवर होती. भिंतीवर आसपासच्या डोंगरांचा नकाशा, त्यावर निळ्या रेघा. कोपऱ्यात लाकडाच्या दोन पट्ट्या आणि प्लास्टिकची नळी, जमिनीची पातळी बघायला. कॉटखाली चिखलाने दगड झालेले बूट. आमच्या घरात तिच्यासाठी एसी बसवलेला आहे, हे मी बोलून दाखवलं. ती म्हणाली, "जेवून घ्या, उद्या तुम्हाला कामावर नेते." मी मनात म्हटलं, शेवटचे चार-पाच दिवस आहेत, बघून घेऊ.

गडबच्या खाली

महामार्गावर गडबची दुकानं आहेत. तिथून पूर्वेला डोंगराकडे गेलं की वरची वाडी, आणि पश्चिमेला भातशेतीतून खाडीकडे उतरलं की खालचा गाव. दोन्ही गावांतून एकच ओढा वाहतो. वाडीवाल्यांना ओढ्यावर बंधारे हवेत, म्हणजे उन्हाळ्यात विहिरी टिकतील. खालच्यांचं म्हणणं, तुम्ही गोडं पाणी वर अडवलं तर आमच्या शेतातलं मीठ धुणार कोण? खालच्या गावाची शेती खाडीच्या पातळीच्या खाली आहे. समुद्र आणि भात यांच्या मध्ये फक्त एक मातीचा बांध. आमच्याकडे बांधाला बांध म्हणतात तो पाय टाकला की ओलांडता येतो आणि त्यावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात. हा बांध दोन पुरुष उंचीचा, त्यावरून बैलगाडी जाईल असा, आणि तो फुटला तर गावाची शेती तीन वर्षं खारी होते. म्हणून भरतीला बांधाची डागडुजी करायला घरटी एक माणूस यायचा, असा गावाचा नियम. लग्न असो की मयत, घरटी एक.

खालच्या गावाचं बोलणं धर्मातात्या करायचे. सत्तरीचे, अंगाने वाळलेले, डोक्याला मफलर. त्यांच्या बायकोने आम्हाला जेवायला बसवलं. घराशेजारच्या तळ्यात पाळलेला जिताडा मासा कालवणात होता, सोबत तांदळाची भाकरी. आमची बाजरीची भाकरी पोटात जाऊन बसते. ही पांढरी भाकरी कधी संपली ते कळतच नाही, म्हणून मी मोजणं सोडून दिलं. काकी अश्विनीला वाढताना मला म्हणाल्या, "तुमच्या पोरीला मासा साफ करता येत नाय, पण चिखलात चालता येतं. आमच्या सुनांचं उलटं हाय." आणि तिच्याकडे वळून, "खा गो, बापूस बघतो म्हणून लाजू नको."

दुपारी बैठक. वाडीकडून हसनभाई आले. आयुष्याची बरीच वर्षं आखातात काढून परत आलेले, आता वर आंबा आणि काजूची बाग, पांढरी टोपी, हातात टॉर्च. दुपारी टॉर्च कशाला हे कुणी विचारलं नाही. दोन्ही गावची माणसं समाजमंदिरात समोरासमोर बसली. अश्विनीने नकाशा लावला, पाणी खाली सोडायला बंधाऱ्याच्या फळ्या कुठे काढता येतील ते दाखवलं. किती फळ्या उघड्या ठेवायच्या आणि त्या बदल्यात वाडीने बांधाच्या कामाला किती माणसं द्यायची, एवढंच ठरवायचं होतं. मग शांतता झाली. चहा आला. चहा संपला. कुणीतरी पंख्याकडे बघून हा नवीन आहे का असं विचारलं. एक जण झोपला. दोन तासांनी सगळे उठले आणि एकमेकांना नमस्कार करून गेले.

मी अश्विनीला विचारलं, हे काय होतं. तिने सांगितलं, गेल्या पावसाळ्यापासून दर बैठक अशीच होते. पहिला आकडा कोणी बोलायचा यावर अडलं आहे. आकडा आधी बोलणारा कमीपणा घेतो, असं दोन्ही गावांचं मत. प्रत्येक वेळी ती अहवालात लिहिते, चर्चा सकारात्मक झाली.

मला इतका आनंद झाला की मी धर्मातात्यांच्या तळ्याभोवती एक फेरी मारून आलो. पुनवेला चार दिवस होते. हे लोक चार वर्षांत बोलले नसते.

रोहा

दुसऱ्या दिवशी मी एकटाच रोह्याला गेलो. अश्विनीच्या संस्थेचं ऑफिस तिथे आहे. नोकरी सोडायची तर महिनाभर आधी सांगावं लागतं, अशी तिच्या कागदात अट होती, आणि ती अट साहेबांकडून माफ करून घ्यायची होती. घासाघीस हा माझा प्रांत. अश्विनीला काही सांगितलं नाही.

ऑफिस एका औषधाच्या दुकानावर. बाहेर बाकावर पाच-सहा तरुण पोरं-पोरी फायली घेऊन बसली होती. शिपाई म्हणाला, बसा, नंबर आला की आत पाठवतो. मी बसलो. शेजारची पोरगी दापोलीहून आली होती. तिने मला विचारलं, "सर, तुम्ही कोणत्या पदासाठी?" मी म्हटलं, "पाणलोट समन्वयक." म्हणजे त्या पदाबद्दल बोलायला, असं मला म्हणायचं होतं. तिने मान डोलावली आणि फाईल घट्ट धरली.

आत टेबलामागे संस्थेचे प्रमुख प्रधान साहेब आणि पुण्याहून आलेल्या एक बाई लॅपटॉप उघडून. मी नमस्कार करून खुर्चीत बसलो. मी बोलणार तेवढ्यात साहेबांनी हसून विचारलं, पाण्याच्या क्षेत्रातला अनुभव? सौद्यात आधी समोरच्याला बोलू द्यायचं असतं, म्हणून मी म्हटलं, तीस-एक वर्षं पाण्यातच आहे. बाईंनी लिहून घेतलं. साहेब खुशीत आले आणि मला या क्षेत्राची माहिती सांगू लागले. इथे म्हणे नुसते बांध घालणारे लागत नाहीत. उपग्रहाचे नकाशे वाचणारा वेगळा, खडक वाचणारा वेगळा, रोपवाटिकेचा वेगळा, बचत गटाच्या बायकांशी बोलणारी वेगळी, झालेल्या कामाची तपासणी करणारा वेगळा. वनखात्यात जागा निघतात, जलसंपदात निघतात, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून निघतात. "तुमचा कल कोणत्या बाजूला आहे?" मला हे सगळं ऐकून भोवळ यायला लागली होती. पाणी जमिनीत घालायला एवढी माणसं लागतात? काढायला आम्हाला चौघं पुरतात.

मग बाईंनी विचारलं, "समजा दोन गट आहेत आणि कुणीच बोलत नाही, तर तुम्ही काय कराल?"

मी म्हटलं, "त्यांचा चहा बंद करीन."

साहेबांनी बाईंकडे बघितलं. पुढचा प्रश्न, यापूर्वी कुठे काम केलं. मी अभिमानाने बोअरच्या गाड्यांचं सांगितलं, किती तालुक्यांत किती खोल गेलो ते सांगितलं. खोलीत एकदम घरातलं कुणी गेल्यासारखं झालं. साहेब फार सभ्य माणूस. त्यांनी पेन बंद केलं आणि म्हणाले, "आपल्या अनुभवाचा आदर आहे. पण या कामात लोकसहभाग असतो, संयम लागतो. आपला स्वभाव थोडा... आणि बोअरवेलची पार्श्वभूमी. आपण नाराज होऊ नका."

मी नाराज झालो नाही, माझं डोकं फिरलं. मी त्यांना म्हटलं, तुमची नोकरी मला फुकट दिली तरी नको. बाई म्हणाल्या, अहो, पण तुम्हीच आलात ना? मी दार आपटून बाहेर आलो. पोरीचा बाप आहे हे सांगायचं राहिलं, नोटिशीची अट माफ करून घ्यायची राहिली. न मागितलेल्या नोकरीला मी नापास होऊन आलो होतो. बाकावरच्या पोरीने विचारलं, कसं झालं. मी तिला म्हटलं, चहाबद्दल विचारलं तर सांभाळून.

रागात जिथे डावीकडे वळायचं तिथे उजवीकडे वळलो. धाटावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटत होती. कंपनीच्या बसेस, दुचाक्या, सगळा रस्ता हेल्मेटांनी भरलेला, आणि मी त्यांच्या उलट्या दिशेने पिकअप घेऊन हॉर्न वाजवत उभा. एका पोराने काचेवर टकटक करून विचारलं, "काका, कुठं जायचं हाय?" मी म्हटलं, माहीत नाही. त्याने मला समजुतीने कोलाडच्या रस्त्याला लावून दिलं. बहुतेक त्याला वाटलं, या अवस्थेतल्या माणसाने आधी काही खावं.

कोलाडला महामार्गावर एका टपरीमागे शेतात पोपटी लावली होती. ही इकडची हिवाळ्यातली गोष्ट. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, थोडी अंडी, मडकं पालथं घालून वर जाळ. आमच्या हुरड्याची बहीणच म्हणा, पण आमच्याकडे हुरडा भाजताना माणूस बडबडतो आणि इथे मडकं निघेपर्यंत सगळे विस्तवाकडे बघत गप्प. मी शेंगा सोलत बसलो आणि हळूहळू एक गोष्ट डोक्यात बसत गेली. मला संयम नाही. ठीक आहे. माझ्या स्वभावात लोकसहभाग नाही. तेही ठीक. पण दोन माणसांना एका भावावर आणता येत नाही, असं त्या साहेबाने मला सांगावं? मला? सांगोल्याच्या बाजारात मी बायकोचा भाऊ आणि त्याचा सख्खा शेजारी यांच्यात बैल विकून दाखवला आहे. आजही ते एकमेकांशी बोलतात.

शेंगांचा भाव मी त्या दिवशी सांगितला तेवढाच दिला. तेवढा मी विचलित होतो.

बैठक

पुनवेआधी एकच बैठक उरली होती. मी अश्विनीला म्हटलं, मी येतो. "आण्णा, तुम्हाला तर हे मोडलेलं हवं होतं," ती म्हणाली. मी म्हटलं, मोडायचंच आहे, पण असं नाही. असं मोडलं तर लोक म्हणतील जमलं नाही.

समाजमंदिरात पुन्हा तीच माणसं, तोच पंखा. चहाची किटली आली ती मी दारातूनच परत पाठवली. खोलीत कुजबुज झाली. मी मध्ये जाऊन बसलो, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि धर्मातात्यांचा डावा हात आणि हसनभाईंचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला. वर टॉवेल टाकला.

आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल रुमालाखाली हात धरतो, बोटं दाबून आकडा सांगतो, समोरचा बोटं दाबून उत्तर देतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. मी हे समजावून सांगितलं. म्हटलं, दोघांपैकी कुणी आधी बोललं हे कुणालाच कळणार नाही, मी कुणाच्या बापाला सांगणार नाही.

हसनभाई म्हणाले, "कुवेतमध्ये सोनं असंच घेतात." धर्मातात्या म्हणाले, "आमच्या हिकडं हात धरला तर लगीन लागतं." पण हात कुणी काढला नाही.

मग अर्धा तास त्या खोलीत जे चाललं ते बाहेरून बघणाऱ्याला वेड लागल्यासारखं वाटलं असेल. दोन म्हातारे समोर भिंतीकडे बघत बसलेले, मध्ये एक जाडा माणूस, आणि टॉवेल उंदीर शिरल्यासारखा हलतोय. तात्यांनी सगळी चारही बोटं धरली, म्हणजे चार फळ्या उघड्या. हसनभाईंनी माझ्या करंगळीचं टोक चिमटलं, म्हणजे अर्धी फळी. अर्धी फळी कशी काढतात मला ठाऊक नाही. मी दोघांना शिव्या घातल्या, नावं न घेता, छताकडे बघून. मी उठून जायचं सोंग केलं, पण हात त्यांच्या हातात होते म्हणून अर्ध्यातच बसलो. हसनभाईंच्या कपाळाला घाम आला. तात्यांनी मफलर सोडला. शेवटी दोन्हीकडून दोन बोटं एकाच वेळी दाबली गेली. मग माणसांचं: वाडीतून दर तीन घरांमागे एक जण बांधाला येणार. मी टॉवेल काढला आणि आकडे मोठ्याने सांगितले. खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. झोपलेला माणूस जागा झाला आणि म्हणाला, "झालं?"

अश्विनी ठराव लिहायला बसली तेव्हा तात्यांनी तिला थांबवलं. बांधाबद्दलची बोली उधाण बघितल्याशिवाय पक्की होत नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. पुनवेच्या भरतीला दोन्ही गावांनी बांधावर उभं राहायचं, बांध टिकला तर तिथेच सही, नाही टिकला तर बोली वाहून गेली असं समजायचं. मी म्हटलं, चांगला रिवाज आहे, उभे राहा.

"तुमी पण," तात्या म्हणाले.

"माझा काय संबंध?"

"बोली कुणी जमवली? मधला माणूस नसला तर दर्याला सांगायचं कुणी?"

मी अश्विनीकडे बघितलं. ती वहीत तोंड खुपसून लिहीत होती आणि तिचे खांदे हलत होते.

बांध

पुनवेची मोठी भरती इकडे दुपारी जेवणाच्या सुमारास येते. बांधावर माणसांची रांग. खालच्या गावातून घरटी एक, वाडीतून तीन घरांमागे एक, आणि काकी पेंढ्याचे भारे रचत. प्रधान साहेब दोन पाहुण्यांना घेऊन छत्रीखाली उभे होते. त्यांनी मला ओळखलं, पण कुठून ते त्यांना आठवेना आणि मी मदत केली नाही.

मी माणदेशातला. आमच्याकडे पाणी येतं ते पाईपमधून आणि आवाज करत. इथे खाडी आवाज न करता फुगत गेली. सकाळी जिथे चिखल आणि खेकडे होते तिथे आता सपाट पाणी, आणि ते बांधाच्या कडेला चढत होतं जसं दूध उतू जायच्या आधी चढतं. मातीच्या पोत्यांचा ढीग तात्यांनी दुसऱ्या टोकाला ठेवला होता, तिथे बांध कच्चा होता. आणि गळती लागली नेमकी माझ्या पायाशी. शेताकडच्या उतारावर बोटाएवढी गढूळ धार उडाली. खेकड्याचं बीळ आरपार गेलेलं. बघता बघता धार मनगटाएवढी झाली.

तात्या धावत आले. खाडीच्या बाजूने बिळाच्या तोंडात पेंढा आणि चिकणमाती कोंबली. पाणी ती उकरून न्यायला लागलं. वर वजन पाहिजे होतं आणि पोती लांब होती. तात्यांनी आजूबाजूला बघितलं. त्यांची नजर रांगेतल्या एकेका माणसावरून गेली. सगळे तात्यांसारखेच वाळलेले. मग ती माझ्यावर येऊन थांबली.

"पाव्हणे," ते म्हणाले, "बसा."

मला पोहता येत नाही हे मी सांगेपर्यंत दोघांनी मला खांद्याला धरून खाडीकडच्या उतारावर, बिळाच्या तोंडावर बसवलं होतं. पाणी कमरेपर्यंत, थंड, आणि बुडाखाली खाडी मला वर उचलू बघते आहे हे स्पष्ट कळत होतं. मी तिला दाबलं. वरून काकींनी विचारलं, "पाणी थांबलं का?" शेताकडून कुणीतरी ओरडलं, "थांबलं. घाटी बसला तसं थांबलं." बांधावर हसू पसरत गेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रधान साहेब पाहुण्यांना काहीतरी समजावत होते. त्यांचा शब्द माझ्या कानावर आला. लोकसहभाग.

बसल्या बसल्या मला कळलं की मी ज्यासाठी घाट उतरलो होतो ते आता अगदी सोपं आहे. फक्त उठायचं. मी उठलो की बीळ उघडं पडणार, धार वाढणार, बांध फुटेल न फुटेल पण बोली नक्की वाहून गेली असती. अश्विनीची जागा रद्द. संध्याकाळपर्यंत कपाट आणि गादी पिकअपमध्ये. कुणी मला बोल लावला नसता. परगावचा जाडा माणूस, पोहता येत नाही, घाबरला आणि उठला.

ती तेव्हाच आली. ठरावाची वही छातीशी धरून माझ्याशेजारी बांधावर गुडघ्यांवर बसली. लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आण्णा, तुम्ही का आलात ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पिकअप कशाला आणलीत विचारलं नाही मी. उठायचं असेल तर आत्ता सांगा, मी दुसऱ्या कुणाला बसवते. न सांगता उठू नका."

मी तिच्याकडे बघितलं. बूट चिखलाने भरलेले, केसांना पेंढा, नाकावर ऊन लागून सालपट निघालेलं. हिला घरी नेऊन एसीत बसवायचं माझं ठरलं होतं. त्या खोलीत तिने माझ्याकडे असं बघितलं नसतं, हेही मला समजत होतं. मला राग आला, नेमका कुणाचा ते अजून ठरलेलं नाही.

"सह्या झाल्या?" मी विचारलं.

"तात्यांची झाली. हसनचाचांचा चष्मा वाडीत राहिला. वाचल्याशिवाय सही करत नाहीत म्हणतात."

"टॉर्च आहे ना त्यांच्याकडे?"

"टॉर्चने अक्षर मोठं होत नाही, आण्णा."

वाडी महामार्गाच्या पलीकडे. जायला यायला बाईकवरून कितीही पळवलं तरी वेळ लागणार होता. पाणी अजून चढत होतं. छातीला लागलं होतं.

"मग जाऊन आण," मी म्हटलं. "बसलोय मी."

ती पळत गेली. मागे हसनभाई बांधावर माझ्याशेजारी येऊन बसले आणि मला सोबत म्हणून कुवेतमधल्या पाण्याच्या कारखान्याबद्दल सांगत राहिले, खारं पाणी आत घालायचं आणि गोडं बाहेर काढायचं. मी त्यांना म्हटलं, मला आत्ता खारं पाणी आत जातंय एवढंच कळतंय. काकींनी वरून माझ्या तोंडात तांदळाच्या भाकरीचा तुकडा भरवला, कारण माझे हात चिखलात रुतलेले होते. पाणी काही काळ हललंच नाही. मग माझ्या शर्टाच्या एका बटणावर ओली रेघ राहिली आणि पाणी तिच्या खाली गेलं. तात्यांनी ते माझ्याआधी बघितलं. त्यांनी मफलर परत गुंडाळला.

बाईक आली. अश्विनी चष्मा घेऊन धावत आली. हसनभाईंनी चष्मा लावला, ठराव पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी फळ्यांचा आकडा अक्षरी लिहायला लावला, मग सही केली. माझ्याभोवती आता नुसता चिखल उरला होता आणि पहिला खेकडा बाहेर येऊन बघून गेला.

अश्विनीने वही मिटायला घेतली आणि मला उठवायला दुसरा हात पुढे केला.

"थांब," मी म्हटलं, "आधी शाई वाळू दे."